टीप खाली गुंतत असेल तर दोष वरच्या दोऱ्यात शोधावा

इंदूरच्या राजेंद्रनगरातील एका भगिनींनी विचारले आहे की, सासूबाईंची पायाने चालवायची काळी शिलाई मशीन दोन पावसाळे पोत्याखाली झाकून ठेवलेली होती. गणपतीच्या आराशीचे पडदे शिवायला ती काढली, तर आता ती जड चालते, कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो, मधेच टाके गळतात आणि वरचा दोरा तुटतो. त्यांनी खोबरेल तेल घातले, बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याची रिळी बसते त्या डबीचा, स्क्रू चांगला आवळला, तरी गुंता कमी झाला नाही, उलट वाढला. एका दुकानदाराने मशीन न उघडताच "शटल गेले, पूर्ण सेट बदला" असे सांगितले. तर शटल, म्हणजे कापडाखाली फिरून दोऱ्याचा फास नेणारा भाग, बदलावे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

मी इंदुरात बत्तीस वर्षे शिलाई मशीन दुरुस्त करतो आहे. मशीन समोर नसताना छातीठोकपणे सांगणे योग्य नाही, परंतु तुम्ही जी लक्षणे लिहिली आहेत त्यांवरून मी तरी आज शटलवर एक रुपयाही खर्च करणार नाही. बंद पडून राहिलेल्या मशीनचे शटल ठेवल्या ठेवल्या झिजत नाही. झीज चालवण्याने होते. ठेवलेल्या मशीनमध्ये तेल चिकट होते, सुईला गंज चढतो, दोरा कुजतो आणि पट्टा सैल पडतो. या चारही गोष्टी घरी दुरुस्त होण्यासारख्या आहेत.

मी ज्या उस्तादांच्या हाताखाली शिकलो, ते गिऱ्हाईक पायरी चढले की आधी एकच प्रश्न विचारत: "मशीन टाँका छोड़ती है या धागा तोड़ती है?" इंदुरात मराठी घरातले लोकही मिस्त्रीशी हिंदीतच बोलतात, त्यामुळे हा प्रश्न माझ्या कानात तसाच राहिला आहे. त्यात अर्थ फार आहे. टाका गळणे, दोरा तुटणे, खाली गुंता होणे आणि मशीन जड चालणे हे चार वेगवेगळे आजार आहेत. तुमच्या मशीनला ते एकाच वेळी झाले असल्यामुळे तुम्हाला तो एकच मोठा बिघाड वाटतो आहे आणि म्हणून एकच मोठा इलाज, म्हणजे नवे शटल, पटण्यासारखा वाटतो. हे चार धागे आधी सुटे करायला हवेत.

त्यासाठी टाका कसा पडतो हे एकदा नीट समजून घ्यावे. सुई वरचा दोरा घेऊन कापडातून खाली जाते आणि तळाला पोहोचून जेमतेम दोन मिलिमीटर वर येते. त्या क्षणी दोरा मागे राहून सुईच्या एका बाजूला लहानसा फुगा धरतो. शटलचे टोक नेमके त्याच वेळी तेथे येते, त्या फुग्यात शिरते आणि तो फास बॉबिन केसच्या भोवतीने फिरवून खालच्या दोऱ्यावरून पलीकडे नेते. मग वरचा दोरा ओढणारी दांडी तो फास वर खेचते आणि दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या जाडीत, मधोमध बसते. सुईच्या टोकाजवळ नेढे आणि कापडाखाली दुसरा दोरा घेऊन फिरणारे शटल, ही जोडी एलियास हाऊ यांच्या 1846 च्या अमेरिकन पेटंटमध्ये होती, आणि तुमच्या सासूबाईंची मशीनही त्याच तत्त्वावर चालते.

आता पाहा. फास खाली नेऊन फिरवला, पण वर नीट खेचला गेला नाही, तर तो कोठे राहील? कापडाच्या खाली. म्हणून कापडाखाली जो गुंता दिसतो तो बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो, आणि वरच्या दोऱ्याला ताण नसल्याचे ते लक्षण असते. माणूस मात्र गुंता खाली दिसला म्हणून खालचाच स्क्रू पिळतो. खालचा दोरा जितका घट्ट कराल तितका तो वरच्या सैल दोऱ्याला आणखी खाली ओढील. स्क्रू आवळल्यावर तुमचा गुंता वाढला त्याचे कारण हेच आहे.

वरचा ताण का गेला, याचे सर्वांत साधे कारण दोरा ओवण्याच्या पद्धतीत असते. ताण देणाऱ्या दोन चकत्या कापड दाबणारा फूट खाली असताना एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि फूट वर उचलला की मोकळ्या होतात. पुष्कळ जण फूट खाली ठेवूनच दोरा ओवतात, त्यामुळे दोरा चकत्यांच्या मधे न शिरता कडेवर तरंगत राहतो. तेव्हा आधीचा दोरा पूर्ण काढून टाकावा, फूट वर घ्यावा, चाक हाताने फिरवून वरची दांडी सर्वांत उंच आणावी आणि मग नव्याने ओवावे: रिळापासून वरच्या कडीत, तेथून चकत्यांच्या मधे, मग बारीक तारेच्या स्प्रिंगमध्ये, तेथून दांडीच्या भोकात, पुढे खालच्या कड्यांतून सुईत. ओवून झाल्यावर फूट खाली करून दोरा हलकेच ओढून पाहावा. सुई किंचित वाकेल इतका अडसर लागला पाहिजे. फूट वर केल्यावर तोच दोरा सुळकन आला पाहिजे. दोन्ही वेळा सारखाच सैल येत असेल तर चकत्यांच्या मधे जुन्या दोऱ्याचा तुकडा किंवा कचरा अडकलेला आहे असे समजावे. फूट वर ठेवून मऊ सुती कापडाची घडी त्यांच्यामधून दोन-तीनदा ओढली की तो बाहेर पडतो.

आता तुम्ही आवळलेल्या स्क्रूकडे वळू. बॉबिन केसवर बहुधा दोन स्क्रू असतात. पत्र्याच्या पट्टीला पक्की धरणारा स्क्रू टोकाशी असतो, त्याला हात लावू नये. मधला स्क्रू ताणाचा. तो एकदम न फिरवता घड्याळाच्या काट्याने पाच-सात मिनिटांचे अंतर चालावे इतकाच फिरवावा. परीक्षा अशी करावी: भरलेली बॉबिन केसमध्ये घालून दोरा पट्टीखालून बाहेर काढावा आणि केस त्या दोऱ्यावर लोंबकळत धरावी. स्थिर धरली असता ती जागच्या जागी राहावी आणि हाताला हलका झटका दिला की दोन-चार बोटे खाली उतरावी. आपोआप सरसर उतरली तर ताण कमी आहे. झटका देऊनही हलली नाही तर जास्त आहे, आणि माझ्या अंदाजाने तुमची केस आज हलणार नाही. हा स्क्रू सैल करताना खाली पांढरे कापड अंथरावे, कारण तो मोहरीच्या दाण्याहून फार मोठा नसतो आणि एकदा फरशीवर पडला की सापडत नाही.

बॉबिनही तपासावी. या जुन्या नमुन्याच्या मशीनची लोखंडी बॉबिन साधारण वीस मिलिमीटर रुंद आणि बारा मिलिमीटरहून किंचित कमी उंच असते. नव्या मशीनसोबत आलेली प्लॅस्टिकची बॉबिन दिसायला तशीच असली तरी उंचीत फरक असू शकतो. ती केसमध्ये बसते, पण अडखळत फिरते, आणि मग टीप चार बोटे सुंदर व चार बोटे वाईट अशी येते.

यानंतर सुई. माझ्याकडे "मशीन बिघडली" म्हणून येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची मशीन मी फक्त सुई बदलून परत दिली आहे, आणि त्याचे पैसे मागताना आजही संकोच वाटतो. दोन वर्षे दमट हवेत राहिलेली सुई वरून चकचकीत दिसली तरी नेढ्यात गंजलेली असते. तो गंज दोरा कानशीसारखा कापतो. तुमचा वरचा दोरा तुटण्याचे पहिले कारण मी येथेच शोधीन. नवी सुई लावताना दोन चुका होतात. पहिली, सुई पूर्ण वरपर्यंत न सरकवता मधेच स्क्रू आवळणे. सुई एक-दोन मिलिमीटर खाली राहिली की शटलचे टोक फुग्याला गाठत नाही आणि टाके गळतात. "टायमिंग गेले", म्हणजे सुई आणि शटलचा मेळ चुकला, म्हणून घाबरवणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच येथेच संपतात. दुसरी चूक म्हणजे उलटी सुई. सुईच्या एका बाजूला लांब खोबण असते आणि वरच्या दांड्याची विरुद्ध बाजू चपटी असते. खोबण त्या बाजूला यावी, जिकडून दोरा नेढ्यात शिरतो. चपटी बाजू शटलचे टोक जिकडून जाते तिकडे. कोणती बाजू हे आठवत नसेल तर सुईच्या वरची शेवटची कडी पाहावी. ती ज्या बाजूला आहे त्या बाजूनेच दोरा ओवायचा असतो.

सुईचा नंबर कापडावर अवलंबून आहे. पाकिटावर 14/90 असे लिहिलेले असते, त्यातील 90 म्हणजे सुईच्या दांडीची जाडी 0.9 मिलिमीटर. साध्या सुती पडद्याला 14 नंबर योग्य, जाड कॅनव्हासला 16 किंवा 18. महेश्वरीच्या ब्लाउजपिसाला, ज्यात रेशमी ताणा आणि सुती बाणा असतो, 11 नंबरच लावावा. तेथे 16 ची सुई लावली तर मशीन निर्दोष असूनही कापड ओढले जाते, चुण्या पडतात, आणि दोष मात्र मशीनच्या माथी येतो.

हे सर्व केल्यावरही खडखड किंवा अडखळणे राहिले तर शटल उघडावे. बदलण्यासाठी नव्हे, साफ करण्यासाठी. चाक फिरवून सुई सर्वांत वर आणावी, बॉबिन केस काढावी. आत एक गोल कडे दिसेल आणि त्याला धरणाऱ्या दोन लहान खिट्ट्या. त्या बाहेरच्या दिशेने वळवल्या की कडे सुटते आणि त्यामागून अर्धचंद्राच्या आकाराचे शटल हातात येते. काही मशीनमध्ये खिट्ट्यांऐवजी स्क्रू असतात. पहिल्यांदा उघडत असाल तर प्रत्येक पायरीला मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवावे. आमच्या वेळी ही सोय नव्हती, आणि म्हणून मी शिकाऊ असताना एकदा शटल उलटे बसवून चाक फिरवले, सुई मोडली आणि उस्तादांचे बोलणेही खाल्ले.

या जागी काय सापडेल ते सांगता येत नाही. रामबागेतील एका घरी मी गेलो होतो, तेथेही आधीच्या कोणीतरी शटल बदलायला सांगितले होते. मशीन प्रत्येक फेऱ्यात एकाच ठिकाणी "टक्" असा आवाज करी. शटल काढून मी त्याची खाच खिडकीच्या उजेडात धरली, तर तळाशी जरीचा एक तुकडा बसला होता, नखाएवढासुद्धा नव्हता, पण तेलात भिजून आणि दबून पत्र्यासारखा कडक झाला होता. साडीला फॉल-पिको करताना काठाच्या जरीची एक तार तुटून आत गेली असावी. तो शिवणाच्या सुईने उकरून काढला, कडेला एक थेंब तेल दिले, आणि आवाज थांबला. त्या बाईंनी तो तुकडा तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला.

शटल हातात असतानाच त्याच्या टोकावरून नख हलकेच फिरवावे. नख अडकले तर तेथे खरवड आहे, बहुधा कधीतरी मोडलेल्या सुईने पडलेली. अतिशय बारीक, हजार नंबरच्या पुढच्या पॉलिश कागदाने बाजू घासून ती गुळगुळीत करता येते, मात्र टोक बोथट होऊ देऊ नये. टोक खरोखर मोडलेले असेल, किंवा शटल आपल्या खाचेत हाताने हलवून स्पष्ट खुळखुळत असेल, तर ते बदलणे योग्य आहे. त्या वेळीही जुने शटल सोबत नेऊन त्याच मापाचे घ्यावे आणि टोक व कडा नखाने तपासूनच पैसे द्यावेत, कारण बाजारात स्वस्त शटलांचे घडणकाम बरेचदा खरखरीत असते.

आता मशीन जड चालण्याविषयी, आणि येथे मला खोबरेल तेलाबद्दल थोडे कडक बोलावे लागेल. खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजते. आपल्याकडे डिसेंबरात बाटलीतले तेल दगडासारखे होते हे प्रत्येक घराला ठाऊक आहे, तरी तेच तेल मशीनच्या छिद्रांत घालणारे लोक दर हिवाळ्यात माझ्याकडे येतात. थिजणे एक वेळ परवडले. खाण्याची तेले हवेत राहून हळूहळू राळेसारखी चिकट होतात आणि माळव्याची काळी धूळ त्यांत मिसळली की सांध्यासांध्यांत लेप बसतो. सरसू, करडई, मोटारीचे इंजिन तेल, यांपैकी काहीही चालणार नाही. शिलाई मशीनचे म्हणून मिळणारे पातळ, पाण्यासारखे स्वच्छ तेलच घ्यावे. लहान बाटली वर्षभर पुरते.

आत गेलेले खोबरेल काढण्यासाठी रॉकेल वापरावे. मिळाले तर उत्तमच, न मिळाल्यास शिलाई मशीनचेच तेल सढळ घालून दोन-तीन दिवस तसेच राहू द्यावे. त्यानेही चिकटा सुटतो, फक्त वेळ लागतो. पेट्रोल मात्र कधीही वापरू नये. रॉकेल असेल तर खिडक्या उघडून, गॅस आणि देवापुढची समई विझवून, सुई व दोरा काढून, पट्टा उतरवून, प्रत्येक छिद्रात दोन-दोन थेंब घालावेत आणि हातचाक पंधरा-वीस मिनिटे अधूनमधून फिरवावे. खालून तपकिरी पाणी गळेल. ते पुसून घ्यावे आणि पुन्हा तेच करावे. मशीनच्या अंगावरच्या सोनेरी वेलबुट्टीवर रॉकेलचा बोळा रगडू नये. गळणे स्वच्छ आल्यावर एक रात्र सुकू द्यावे आणि मग प्रत्येक ठिकाणी खरे तेल एकेक थेंब द्यावे. केवळ रॉकेलवर मशीन चालवली तर धातूवर धातू घासेल, कारण रॉकेल धुते, वंगण देत नाही.

तेल कोठे द्यायचे? वर जी छिद्रे दिसतात ती सर्वांना माहीत असतात. राहतात ती खालची. मशीन बिजागरीवर मागे उलटावी, हातचाक हळू फिरवावे, आणि जेथे जेथे एक लोखंड दुसऱ्यावर हलताना दिसेल तेथे थेंब सोडावा. डाव्या टोकाचे झाकण काढून सुईच्या उभ्या दांडीलाही द्यावा. शटलच्या खाचेला एकच. पायट्याच्या, म्हणजे पायाने दाबायच्या फळीच्या, दोन्ही टोकांचे सांधे आणि मोठ्या चाकाचा आस यांना विसरू नये, कारण मशीनचे डोके हलके असूनही पायटा जड असल्याने सगळेच जड वाटते. हे ओळखायचे असेल तर पट्टा उतरवून चाक आणि पायटा वेगवेगळे फिरवून पाहावे, कोण अडते ते लगेच कळते. तेल दिल्यावर दोऱ्याशिवाय, फूट वर ठेवून, दोन-तीन मिनिटे चालवावे, आणि पहिली टीप चिंधीवर मारावी, पडद्यावर नको.

सुईखालची पट्टी दोन स्क्रू काढून उचलली की कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या मधे वर्षानुवर्षांचा कचरा नमद्यासारखा घट्ट बसलेला मिळेल. दाते त्यामुळे पुरेसे वर येत नाहीत आणि कापड सरकत नाही. तो ब्रशाने व सुईने काढावा. तोंडाने फुंकू नये, फुंकरीतील ओल तेथेच राहते.

पट्ट्याचे काम सोपे आहे. चामड्याचा पट्टा दोन पावसाळ्यांत ताणला जातो. मधोमध बोटाने दाबला असता तो साधारण बोटभर जाडीइतका दबावा. जास्त दबत असेल तर तारेचा आकडा काढून टोक थोडे कापावे आणि नवे भोक पाडून पुन्हा जोडावे. एकदम फार कापू नये, घट्ट पट्टाही मशीन जड करतो. आणखी एक गोष्ट, बॉबिन भरताना हातचाकाच्या मधली गोल घुंडी सैल करतात. ती परत आवळायची राहिली तर चाक फिरते आणि सुई हलत नाही. तसेच चाकाचा वरचा भाग नेहमी आपल्याकडे यावा. पायटा नव्याने शिकताना तो सुरुवातीला उलटा फिरतो, आणि उलट्या एका फेऱ्यातही दोरा शटलमध्ये गुंततो. तुम्ही पायट्याची मशीन पहिल्यांदाच चालवत असाल तर तुमच्या गुंत्याचा काही भाग येथूनही आलेला असू शकेल.

एवढे करूनही टाके गळत राहिले, तर सुई तळाला नेऊन चाक अगदी सावकाश फिरवत शटलच्या टोकाकडे पाहावे. सुई दोन-अडीच मिलिमीटर वर आली असताना टोक सुईच्या मागून, नेढ्याच्या किंचित वरून जायला हवे. ते फार आधी, फार उशिरा किंवा नेढ्याच्या खालून जात असेल तर सुईची दांडी सरकली आहे किंवा आतली जुळणी ढळली आहे. हे घरी पाहावे, पण घरी सोडवू नये, असे माझे मत आहे. एक स्क्रू सोडला की दुसरे माप बिघडते, आणि मग मिस्त्रीलाही दुप्पट वेळ लागतो.

मिस्त्रीकडे जायची वेळ आलीच तर रिकाम्या हाताने जाऊ नये. वर लाल आणि खाली पांढरा असे दोन रंगांचे, पण एकाच जाडीचे दोरे घालून सुती कापडाच्या दुहेरी चिंधीवर एक वीतभर टीप मारावी. लाल रंग खाली डोकावत असेल तर वरचा ताण कमी, पांढरा वर येत असेल तर वरचा ताण जास्त किंवा खालचा कमी, आणि जेथे टाका लांब पडला तेथे पेनाने खूण. ती चिंधी पिशवीत घालून न्यावी. चिंधी न पाहता जो शटल बदला म्हणेल, त्याच्याकडून पायरी उतरावी आणि दुसरा मिस्त्री पाहावा.